जुना डॅक सुधारावा की नवीन स्वतः बांधावा? (पीसीएम१७९४ए + सीएस८४१६)

पार्लेकर

नमस्कार मंडळी,

साधारण २०१० सालचा एक डॅक (डिजिटल संगीताचं ॲनालॉग सिग्नलमध्ये रूपांतर करणारी पेटी) हाताशी आहे. आत काय आहे ते आधी लिहितो, म्हणजे उत्तर देणं सोपं जाईल.

ट्रान्सफॉर्मर ईआय प्रकारचा, १५-०-१५ आणि वेगळं ०-९ वाइंडिंग. ±१२ व्होल्ट एलएम३१७ आणि एलएम३३७ या रेग्युलेटरमधून (व्होल्टेज स्थिर ठेवणारे भाग), ५ व्होल्ट ७८०५ मधून, पुढे ३.३ साठी एक १११७. डिजिटल सिग्नल घेणारा रिसीव्हर सीएस८४१६, डॅक चिप पीसीएम१७९४ए, त्यापुढे सॉकेटमध्ये तीन एनई५५३२ (प्रत्येकात दोन ऑपअँप, म्हणजे छोटे ॲम्प्लिफायर). यूएसबीला पीसीएम२७०४ असून त्याचं डिजिटल आउटपुट सीएस८४१६च्याच एका इनपुटला जातं. शिवाय कोएक्सियल आणि ऑप्टिकल इनपुट आहेत.

तक्रारी अशा:

१) यूएसबीवर १६ बिट/४८ किलोहर्ट्झच्या वर जात नाही. २४/९६च्या फाइल्स बऱ्याच आहेत.
२) लॅपटॉपचा चार्जर लावला की स्पीकरमधून बारीक घरघर येते. बॅटरीवर चालवला तर जवळजवळ जाते.
३) ७८०५ला हात लावता येत नाही इतका तापतो. शेजारच्या कपॅसिटरचं डोकं किंचित फुगलं आहे.
४) उजव्या चॅनलमध्ये अधूनमधून चरचर. पावसाळी हवेत जास्त.

दोन वाटा डोळ्यांसमोर आहेत. पहिली म्हणजे याच बोर्डावर सगळे कपॅसिटर, ऑपअँप आणि रेग्युलेटर (एलटी३०४५) बदलणं. दुसरी म्हणजे ईएस९०३८क्यू२एम या डॅक चिपचा बोर्ड आणि एक्समॉस चिपचं यूएसबी मॉड्यूल घेऊन नवीन डॅक बांधणं. सोल्डरिंग बरं जमतं, ०.६५ मिमी पिचपर्यंत (चिपच्या पायांमधलं अंतर). मल्टीमीटर आहे, स्कोप नाही. बजेट बारा हजारांच्या आत. काय करावं?

---

सर्किटवाला

आधी तक्रारी वेगवेगळ्या करू या, कारण चारांपैकी एकही डॅक चिपमुळे नाही. पीसीएम१७९४एची डेटाशीटमधली डायनॅमिक रेंज (सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात बारीक आवाजातलं अंतर) २ व्होल्ट आरएमएस आउटपुटला १२७ डीबी आहे. १६ बिटची सैद्धांतिक मर्यादा ९८ डीबी. त्यामुळे चिप जुनी झाली म्हणून बदलायची, हे कारण इथे लागू होत नाही.

यूएसबीची मर्यादा पीसीएम२७०४ची आहे, ती चिप १६/४८च्या पुढे जातच नाही. घरघर ग्राउंड लूपची वाटते. चार्जरमधून येणारा गळतीचा प्रवाह यूएसबीच्या ग्राउंडवरून डॅकमध्ये आणि तिथून आरसीए (ऑडिओ आउटपुटच्या) केबलच्या शील्डवरून अँपमध्ये जातो. ऑपअँप बदलून किंवा महाग कपॅसिटर लावून तो एका मिलिव्होल्टनेही कमी होणार नाही. तिसरी तक्रार उष्णतेची, चौथी बहुतेक एखाद्या जोडाची किंवा गळतीची.

म्हणून काहीही खरेदी करण्याआधी ही मापं घ्या आणि इथे टाका. मल्टीमीटर पुरेसा आहे.

ब्रिजनंतरच्या (एसीचं डीसी करणाऱ्या रेक्टिफायरनंतरच्या) मोठ्या कपॅसिटरवरचं डीसी, तिन्ही ठिकाणी. हे रात्री अकराच्या पुढे मोजा आणि त्याच वेळी सॉकेटमधला एसी व्होल्टेजही लिहा, कारण रात्री लोड कमी झाला की २३०चा २४५-२५० होतो. मोठ्या कपॅसिटरवर छापलेला व्होल्टेजही सांगा.

चारही आयव्ही (डॅक चिपच्या करंटचं व्होल्टेज करणाऱ्या) ऑपअँपच्या आउटपुटवरचं डीसी, ग्राउंडच्या तुलनेत, २० व्होल्टच्या रेंजवर. एनई५५३२मध्ये आउटपुट पिन १ आणि ७. इथे ४.६ व्होल्टच्या आसपास दिसेल, दचकू नका. पीसीएम१७९४एच्या करंट आउटपुटचा मध्यबिंदू शून्यावर नसून ६.२ मिलिअँपिअरवर असतो. फीडबॅक रोध ७५० ओहम असेल तर ६.२ × ०.७५ = ४.६५ व्होल्ट. पुढच्या डिफरन्स स्टेजमध्ये (दोन आयव्ही आउटपुटमधला फरक घेणारा ऑपअँप) हा डीसी वजा होतो.

शेवटी दोन्ही आरसीएवरचा डीसी ऑफसेट, मिलिव्होल्टमध्ये, गाणं बंद ठेवून.

आणि एक प्रयोग. यूएसबीची केबल पूर्ण काढा, टीव्हीच्या ऑप्टिकल आउटपुटवरून आवाज द्या, टीव्हीचं डिजिटल आउटपुट पीसीएमवर (न दाबलेल्या ऑडिओवर) सेट करा. ऑप्टिकलमध्ये तांबंच नाही, त्यामुळे ग्राउंड जोडला जात नाही. घरघर गेली तर निदान पक्कं.

एक ताकीद: घरघर घालवायला कोणी चार्जरची किंवा अँपची अर्थची पिन कापायला सांगेल. ते करू नका. लूप सिग्नलच्या बाजूला तोडायचा असतो, अर्थिंग तोडून नाही.

---

मुलुंड_टेक

मी नवीन बांधण्याच्या बाजूने बोलतो, पण ईएस९०३८क्यू२एमचा स्वस्त बोर्ड आणून नव्हे.

त्या चिपमध्ये एव्हीसीसी हा ३.३ व्होल्टचा पुरवठा म्हणजेच आउटपुटचा रेफरन्स. त्यावर जो नॉइज असेल तो थेट आवाजात उतरतो. स्वस्त बोर्डांवर डिजिटल आणि एव्हीसीसी एकाच साध्या एलडीओ रेग्युलेटरवर चालवलेले असतात आणि आउटपुट व्होल्टेज मोडमध्ये घेतलेलं असतं. डेटाशीटमधला १२९ डीबीचा आकडा अशा मांडणीतून मिळत नाही. चांगला परिणाम हवा तर डाव्या-उजव्या एव्हीसीसीला वेगळे कमी-नॉइज रेग्युलेटर, करंट मोडमध्ये नीट आयव्ही स्टेज, जवळ स्वच्छ ऑसिलेटर, हे सगळं लागतं. फिल्टर किंवा व्हॉल्यूम बदलायचा असेल तर आयटूसीवर (चिपना आज्ञा देण्याच्या दोन वायरींवर) बोलणारा छोटा मायक्रोकंट्रोलरही. शिवाय चिप क्यूएफएन (बाहेर आलेले पाय नसलेली), पोटाखाली पॅड. साध्या सोल्डरिंग आयर्नने ते काम होत नाही, हॉट एअर लागते.

पीसीएम५१०२एचं छोटं मॉड्यूल बांधायला फार सोपं आहे. एकच पुरवठा, २.१ व्होल्ट आरएमएस आउटपुट ग्राउंडभोवती मिळतं, कपलिंग कपॅसिटर नको, एससीके (सिस्टिम क्लॉकची पिन) ग्राउंडला जोडली तर आतलं पीएलएल सर्किट बीसीकेवरून (बिट क्लॉकवरून) तो क्लॉक बनवतं. पण त्याचा एसएनआर (सिग्नल आणि नॉइजचं प्रमाण) ११२ डीबी. पार्लेकरांच्या आजच्या चिपपेक्षा ही खालची पायरी आहे. रास्पबेरी पायला जोडायला उत्तम, इथे नाही.

मग बांधायचं काय? पेटी तीच, ट्रान्सफॉर्मर तोच, आरसीए आणि आयईसी सॉकेट तेच, बोर्ड नवा. स्वतः बांधण्याच्या खर्चात डॅक चिपचा वाटा लहान असतो. पैसा आणि वेळ जातो तो पेटी, मागच्या पॅनलची भोकं, ट्रान्सफॉर्मर आणि कनेक्टरवर. ते सगळं तयार आहे. १५-०-१५ आणि ९ व्होल्टची वाइंडिंग जवळजवळ कुठल्याही नव्या डॅक बोर्डाला चालतात.

जुना बोर्ड मात्र काढून नीट ठेवा, फेकू नका. तुलना करायला आधार लागतो.

---

गिरगावकर_आवाज

मोजण्याबद्दल थोडं. स्कोप नसला तरी २४ बिटचं साधं यूएसबी रेकॉर्डिंग इंटरफेस आणि आरईडब्ल्यू हे मोफत सॉफ्टवेअर एवढ्यावर बरंच कळतं. डॅकचं आउटपुट इंटरफेसच्या लाइन इनपुटला द्या, आरटीए (स्पेक्ट्रम दाखवणारी खिडकी) उघडा, एफएफटी ६४के ठेवा. डॅकवर शांतता वाजवा आणि स्पेक्ट्रम सेव्ह करा. मग १ किलोहर्ट्झ, उणे १ डीबीवर, पुन्हा सेव्ह. इंटरफेस मात्र बॅटरीवरच्या लॅपटॉपला जोडा, नाहीतर मोजताना तोच लूप परत तयार होतो. आणि डॅकला सिग्नल दुसऱ्या यंत्रातून ऑप्टिकलने द्या.

५० हर्ट्झचा खांब उंच असेल तर ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र किंवा ग्राउंड लूप. १००, २००, ३०० असे खांब असतील तर रेक्टिफायरनंतरचा रिपल (डीसीवर उरलेली लहर): कपॅसिटर सुकलाय किंवा रेग्युलेटरला पुरेसं हेडरूम (इनपुट आणि आउटपुट व्होल्टेजमधला फरक) नाही. हे चित्र एकही भाग बदलण्याआधी काढून ठेवा. नंतर प्रत्येक बदलानंतर एक. एकदम दहा गोष्टी बदलल्या तर कशामुळे काय झालं ते कधीच कळत नाही, आणि काही बिघडलं तर शोधताना दिवस जातो.

खरेदीचं म्हणाल तर लॅमिंग्टन रोड (ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरून) अजूनही सोयीचा आहे: हीटसिंक, मायका, फ्यूज होल्डर, आरसीए, स्पेसर, वायर, मेटल फिल्म रोध, मापाप्रमाणे वाइंड करून दिलेला ट्रान्सफॉर्मर. रविवारी जाऊ नका. पण ऑपअँप, एलटी३०४५ आणि इलेक्ट्रोलिटिक हे तीन प्रकार अधिकृत वितरकाकडूनच मागवा. माऊसर, डिजीकी, एलिमेंट१४ तिन्ही भारतात पाठवतात. नकली एनई५५३२ आणि एलएम४५६२ बाजारात सर्रास फिरतात. जुन्या चिपचा माथा घासून नवा नंबर छापलेला असतो, कापसाला ॲसिटोन लावून पुसलं की काळा रंग कापसावर येतो.

कपॅसिटर घेतलेच तर कॉम्पोनंट टेस्टरवर लावून बघा. १००० मायक्रोफॅरडचा नवा कपॅसिटर ८००च्या खाली किंवा ईएसआर (कपॅसिटरचा आतला रोध) ०.२ ओहमच्या वर दाखवत असेल तर परत करा.

---

पार्लेकर

सगळ्यांचे आभार. मापं रात्री साडेअकराला घेतली, सॉकेटमध्ये २४७ व्होल्ट होते.

± बाजूचे मोठे कपॅसिटर: +२३.९ आणि −२३.८. कपॅसिटर १००० मायक्रोफॅरड/२५ व्होल्ट, ८५ अंशांचे.
५ व्होल्ट बाजूचा कपॅसिटर: १३.६. हाच फुगलेला, तोही ८५ अंशांचा.
रेग्युलेटरनंतर: +१२.१, −१२.०, ४.९८, ३.३१.
आयव्ही आउटपुट: डावीकडे ४.६३ आणि ४.६३. उजवीकडे ४.६२ आणि ४.७१. तो ४.७१ बोर्ड दाबला की ४.६६ पर्यंत हलतो.
ऑफसेट: डावा ३ मिलिव्होल्ट, उजवा ४१ मिलिव्होल्ट, स्थिर राहत नाही.

टीव्हीच्या ऑप्टिकलवर, यूएसबी काढून: घरघर अजिबात नाही.

---

सर्किटवाला

फार चांगली मापं. यात सगळं उत्तर आलं आहे.

उजव्या चॅनलपासून सुरू करू. दोन आयव्ही आउटपुटमध्ये ०.०९ व्होल्टचा फरक आहे. पुढच्या डिफरन्स स्टेजचा गेन अशा सर्किटमध्ये साधारण ०.४८ असतो (त्यामुळेच शेवटी २ व्होल्ट आरएमएस मिळतात). ०.०९ × ०.४८ = ४३ मिलिव्होल्ट. तुम्ही ४१ मोजलेत. म्हणजे डिफरन्स स्टेज ठीक आहे, दोष त्या एकाच आयव्हीमध्ये आहे.

आता ४.७१ कशामुळे? ६.२ मिलिअँपिअरचा प्रवाह ७५०ऐवजी सुमारे ७६५ ओहममधून जातोय. हे १५ ओहम फीडबॅक रोधाच्या मार्गातच असले पाहिजेत. सॉकेटच्या पिनचा संपर्क खराब असता तर इतका फरक दिसला नसता: इन्व्हर्टिंग इनपुटमधून प्रवाह जवळजवळ नसतोच, आणि आउटपुट पिनचा संपर्करोध फीडबॅक लूपच्या आत येत असल्याने ऑपअँप तो स्वतःच भरून काढतो. बोर्ड दाबल्यावर आकडा हलतो, म्हणजे त्या ७५० ओहमच्या रोधाचा एक सोल्डर जोड सुटतोय. हीच तुमची चरचर. पावसाळ्यात ती वाढते कारण फटीत ओलावा आणि जुन्या फ्लक्सचा थर मिळून जोडाचा रोध बदलत राहतो. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत असे अर्धवट जोड लवकर काळे पडतात.

उपाय: प्लग काढा, दहा मिनिटं थांबा. आयर्न ३४० अंशांवर. जुन्या जोडावर थोडं ताजं ६०/४० सोल्डर आणि फ्लक्स घालून वितळवा, विकने (सोल्डर शोषणारी तांब्याची पट्टी) सगळं उचला, मग नव्याने सोल्डर करा. चारही ७५० आणि त्यांना समांतर असलेल्या कपॅसिटरचे जोड एकदमच करून टाका. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ताठ ब्रशने फ्लक्स धुवा, ड्रायरच्या मंद हवेत वाळवा. तरीही फरक राहिला तर रोध बदला, १ टक्का मेटल फिल्म. चारही एकाच पट्टीतले घ्या. ऑपअँप बदलून ही चरचर गेली नसती.

पुढे कपॅसिटर. २५ व्होल्टच्या कपॅसिटरवर २३.९ व्होल्ट! १५ व्होल्टचं वाइंडिंग २३० व्होल्टला पूर्ण लोडवर १५ देतं. इथे लोड हलका, त्यामुळे दहाएक टक्के वर, आणि मेन्स २४७. रेक्टिफायरनंतर शिखर गाठतं ते जवळपास २४. वीज २५५ झाली की मर्यादा जवळजवळ संपते. दोन्ही बदला: १००० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्ट, १०५ अंश. ४७०० घालायची गरज नाही. ५० मिलिअँपिअर लोडला रिपल = ०.०५ ÷ (१०० × ०.००१) = अर्धा व्होल्ट. रेग्युलेटरच्या आधी २३ आणि नंतर १२ असताना अर्धा व्होल्ट काहीच नाही. मोठा कपॅसिटर ब्रिजमधून जास्त टोकदार प्रवाह खेचतो आणि ट्रान्सफॉर्मर उलट अधिक गुणगुणतो. घेण्याआधी उंची, व्यास आणि पायांमधलं अंतर मोजा, ३५ व्होल्टचा डबा जाड असतो.

७८०५: १३.६ मधून ५ वजा केले तर ८.६ व्होल्ट त्याच्यावर पडतात. बोर्डाने १२० मिलिअँपिअर खाल्ले असं धरलं तर सुमारे १ वॉट. हीटसिंक नसलेला टीओ-२२० आकाराचा रेग्युलेटर एका वॉटला ५५-६० अंश चढतो. मे महिन्यात बंद पेटीत ४० अंश धरा, रेग्युलेटर शंभरीला टेकतो. त्याला चिकटून बसलेला ८५ अंशांचा कपॅसिटर सुकणारच, दर १० अंश वाढीला इलेक्ट्रोलिटिकचं आयुष्य निम्मं होतं. २० अंश प्रति वॉटच्या आसपासचा छोटा हीटसिंक लावा, फुगलेल्या कपॅसिटरच्या जागी २५ व्होल्ट/१०५ अंशांचा नवा घाला, आणि तो हीटसिंकपासून निदान सेंटीमीटरभर लांब झुकवून बसवा. पेटीच्या तळाला आणि झाकणाला भोकं नसतील तर पाडा. पण बोर्ड बाहेर काढूनच: ॲल्युमिनियमचा कीस चिपच्या पायांत अडकला की वेगळाच त्रास.

एलटी३०४५ सध्या नको. त्याचा ०.८ मायक्रोव्होल्ट नॉइज खराच सुंदर आहे. पण लावायचाच तर फक्त पीसीएम१७९४एच्या ५ व्होल्ट ॲनालॉग पुरवठ्याला, डिजिटल भाग ७८०५वरच राहू द्या. सेट पिनमधून १०० मायक्रोअँपिअर निघतात, म्हणून ४९.९ किलोओहमला ४.९९ व्होल्ट. इनपुटची कमाल मर्यादा २० व्होल्ट, तुमचे १३.६ चालतील. चुकूनही २३.९ व्होल्टच्या पुरवठ्यावर जोडू नका. हे काम गिरगावकर म्हणतात ती चित्रं काढल्यावर, गरज दिसली तरच.

ऑपअँपबद्दल माझं मत स्पष्ट आहे: इथे एनई५५३२ अडथळा नाही. एलएम४५६२ची बँडविड्थ ५५ मेगाहर्ट्झ, एनई५५३२ची १०. वेगवान ऑपअँप जुन्या मांडणीत, लांब ट्रेसवर, सहज ऑसिलेट होतो आणि स्कोपशिवाय ते दिसत नाही. दिसतात ती लक्षणं: ऑपअँप चटका बसेल इतका गरम, केबल हलवली की ऑफसेट बदलतो. बदलायचाच झाला तर सॉकेटच्या खाली, पिन ८ आणि ४ यांच्यामध्ये, १०० नॅनोफॅरड सिरॅमिक अगदी जवळ सोल्डर करून मगच. आणि कोणी ऑपअँपचा पुरवठा ±५वर आणायला सांगितलं तर ऐकू नका. ४.६५ व्होल्ट डीसीवर २.९ व्होल्टचा सिग्नल चढतो, आउटपुटला साडेसात व्होल्टपर्यंत जावं लागतं.

---

मुलुंड_टेक

मापं पाहून माझं मत बदललं. हा बोर्ड ठेवण्यासारखा आहे. उरली यूएसबी, आणि तिथे जरा विचार हवा.

लोक सुचवतात की एक्समॉस मॉड्यूलमधून आयटूएस (चिप-ते-चिप जाणारा डिजिटल ऑडिओ) काढा आणि सीएस८४१६ला बाजूला सारून थेट पीसीएम१७९४एला द्या. हे होतं. एमसीएलके, बीसीके, एलआरसीके आणि डेटा अशा चार वायर, ७४एलव्हीसी१५७ या चार जोड्यांच्या मल्टिप्लेक्सरने निवड, प्रत्येक ओळीत २२-३३ ओहम मालिकेत, वायर पाच सेंटीमीटरच्या आत आणि प्रत्येकीबरोबर स्वतःची ग्राउंड वायर. एमसीएलके विसरता येत नाही, पीसीएम१७९४एला सिस्टिम क्लॉक लागतोच. पण असं केलं की लॅपटॉपचा ग्राउंड पुन्हा डॅकच्या ग्राउंडला जोडला जातो आणि घरघर तशीच राहते. ती तोडायला डिजिटल आयसोलेटर, मग आयसोलेटरने वाढवलेला जिटर (क्लॉकच्या वेळेतली अस्थिरता) घालवायला २२.५७९२ आणि २४.५७६ मेगाहर्ट्झचे ऑसिलेटर डॅकच्या बाजूला. तिथपर्यंत पोचलात की नवा बोर्डच बांधलात असं समजा.

तुमच्यासाठी सोपा आणि योग्य रस्ता: एक्समॉसचं एसपीडीआयएफ आउटपुट (कोएक्सियल केबलवर जाणारा डिजिटल ऑडिओ), पल्स ट्रान्सफॉर्मरमधून, डॅकच्या कोएक्सियल इनपुटला. यात २४/९६ मिळतं आणि ग्राउंडही तुटतो. पहिली आणि दुसरी तक्रार एकाच भागाने सुटतात. सीएस८४१६च्या क्लॉकचा जिटर साधारण २०० पिकोसेकंदांचा आहे. आजचे रिसीव्हर याहून चांगले आहेत हे खरं, पण घरघर आणि चरचर असलेल्या डॅकमध्ये आधी ती चिंता करू नका.

तयार यूएसबी-एसपीडीआयएफ कन्व्हर्टर घेणार असाल तर आउटपुटला ट्रान्सफॉर्मर आहे का ते मल्टीमीटरने बघा: यूएसबीचं धातूचं कवच आणि आरसीएचं बाहेरचं कडं यांच्यात कंटिन्युइटी लागली तर ट्रान्सफॉर्मर नाही. तेव्हा मुराटाचा डीए१०१सी लावा. मॉड्यूलच्या ३.३ व्होल्ट आउटपुटपासून २४० ओहम मालिकेत, तिथून ११० ओहम मॉड्यूलच्या ग्राउंडला, त्या ११०च्या दोन टोकांना प्रायमरी. सेकंडरीची दोन टोकं थेट कोएक्सियल आरसीएला. या जोडीने स्रोताचा रोध ७५ ओहम होतो आणि ७५ ओहमच्या लोडवर अर्धा व्होल्ट मिळतो, एसपीडीआयएफला हवा तेवढाच. प्रायमरी आणि सेकंडरीचे ग्राउंड एकमेकांना लागू देऊ नका.

मॉड्यूल पेटीत बसवणार असाल तर यूएसबी सॉकेटचं कवच धातूच्या पॅनलला टेकता कामा नये. टेकलं की ट्रान्सफॉर्मर लावून उपयोग शून्य. म्हणून बाहेरच, वेगळ्या प्लॅस्टिकच्या डबीत ठेवा. मॉड्यूलला वीज लॅपटॉपच्या यूएसबीचीच द्या, डॅकच्या ५ व्होल्टवरून नाही, त्यानेही ग्राउंड जोडला जाईल आणि ७८०५वर बोजा वाढेल तो वेगळा. डॅकच्या मागचं जुनं यूएसबी सॉकेट रिकामं राहू द्या.

विंडोज १०ची १७०३ किंवा पुढची आवृत्ती असेल तर यूएसबी ऑडिओ क्लास २चा ड्रायव्हर आतच आहे. लिनक्स आणि मॅकवर काही घालावं लागत नाही.

---

पार्लेकर

जोड पुन्हा केले. उजवे दोन्ही आता ४.६२ आणि ४.६३, ऑफसेट ४ मिलिव्होल्ट, बोर्ड दाबला तरी हलत नाही. चरचर नाही.

कपॅसिटर मागवले आहेत. एक शंका: ७८०५, एलएम३१७ आणि एलएम३३७ जवळजवळ आहेत. तिघांना एकच लांब हीटसिंक लावला तर चालेल का? आणि पहिल्यांदा चालू करताना काय काळजी घ्यावी?

---

सर्किटवाला

थेट लावला तर शॉर्ट होईल. ७८०५चा टॅब ग्राउंडला असतो, एलएम३१७चा आउटपुटला म्हणजे +१२ वर, आणि एलएम३३७चा इनपुटला म्हणजे −२३.८ वर. तिन्ही वेगळे. एकच हीटसिंक हवा तर प्रत्येकाखाली मायका किंवा सिलिकॉन पॅड आणि स्क्रूला नायलॉनची बुशिंग. मग प्रत्येक टॅब आणि हीटसिंक यांच्यात कंटिन्युइटी तपासा, कुठेही बीप येता कामा नये. खरं तर एलएम३१७ आणि एलएम३३७ला इथे हीटसिंकची गरजच नाही: ११.९ व्होल्ट × ३० मिलिअँपिअर म्हणजे ०.३६ वॉट. ७८०५ला एकट्यालाच वेगळा लावा, तिथे मायकाही नको.

चालू करण्याआधी कपॅसिटरची दिशा दोनदा बघा. ऋण बाजूच्या कपॅसिटरचा धन पाय ग्राउंडला जातो, तिथेच सगळ्यात जास्त गल्लत होते. तिन्ही एनई५५३२ सॉकेटमधून काढून ठेवा. मेन्समध्ये सिरीज बोर्ड लावून २५ किंवा ४० वॉटचा पिवळा फिलामेंट बल्ब घाला, एलईडी चालणार नाही. क्षणभर मंद उजळून विझला तर ठीक, पेटलेला राहिला तर लगेच बंद. मग +१२, −१२, ५ आणि ३.३ मोजा. सगळं बरोबर असेल तर बंद करा, कपॅसिटर रिकामे होऊ द्या, ऑपअँपची खाच बघून बसवा आणि पुन्हा चालू करा. बल्ब काढून आयव्हीचे चार आकडे आणि दोन ऑफसेट परत घ्या. अँप त्यानंतरच जोडा.

फ्यूजही बघून घ्या. १५ व्हीएचा ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टला जेमतेम ६५ मिलिअँपिअर घेतो, तिथे १६० मिलिअँपिअरचा स्लो-ब्लो हवा. अशा पेट्यांमध्ये कधीकधी १ अँपिअरचा घातलेला सापडतो, तो ट्रान्सफॉर्मर जळेपर्यंत उडत नाही.